गव्हाणीतला कापूस

हे मी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. घरी ह्यांना नाही, मुलींना नाही, सख्ख्या बहिणीला नाही. दरवर्षी नाताळाआधी पापनिवेदनाला जाते, जाळीपलीकडे फादर बसलेले असतात, मी गुडघे टेकते – तिथेही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. दुसरं शोधत बसले तर हे लिहिणं पुन्हा राहून जाईल.

मी कामसू बाई आहे. जळगावात एका डाळ मिलच्या कचेरीत टपाल, हजेरी, रजा हे सगळं मी बघते. चर्चमध्ये आगमनकाळ लागला – म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, आम्हा कॅथलिकांचा तयारीचा काळ – की लोक माझ्याकडे येतात. वेदीचं जांभळं कापड इस्त्री झालं का, मेणबत्त्या आल्या का – तीन जांभळ्या, एक गुलाबी – येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याला बांबू कोण आणणार, करंज्यांचं सारण कोणाकडे. मी यादी करते, कामं वाटून देते, झालेल्यावर रेघ मारते. चर्चमधली पोरं चिडवतात, "लूसीमावशी, देवदूतांची रजासुद्धा तुम्हीच मंजूर करता का?" मीही हसते.

एक काम मात्र मी कधी अंगावर घेत नाही. गव्हाण भरायचं. ते दरवर्षी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर टाकते. का, ते कोणी विचारलेलं नाही.

मी धुळ्याची. म्हणजे वाढले धुळ्यात. मूळ आम्ही नगरकडचे, पण वडील एस.टी.त कंट्रोलर होते आणि त्यांची बदली धुळ्याला झाली. सन पासष्टच्या पुढची ती वर्षं. वडिलांचं सगळं वेळेवर. कोणती गाडी कुठल्या फलाटावर, हे ते झोपेतही सांगायचे. मी त्यांच्यावर गेले, असं आई म्हणायची आणि त्यात कौतुक किती नि तक्रार किती, ते मला कधी कळलं नाही.

त्या डिसेंबरातल्या पहाटा आठवल्या की आजही बरं वाटतं. पांझरा नदीकडून वारा यायचा आणि कानाची पाळी बधिर व्हायची. आम्ही तिघं – वडील पुढे, आई नि मी शालीत – मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघायचो. मिस्सा नुकती लॅटिनमधून मराठीत आली होती. म्हातारी माणसं अजून अडखळायची, मध्येच जुने शब्द म्हणून टाकायची. चर्चमध्ये फुलं नाहीत, बाजाची पेटी हळू, महिमागीत बंद. घरात गोडधोड बंद. आई म्हणायची, "पाहुणा यायच्या आधी घर रिकामं करावं लागतं." पण रिकामं म्हणजे ओकंबोकं नव्हतं ते. परतताना कोणाच्या तरी परसात वांगी भाजल्याचा वास यायचा, भरताचे दिवस ना ते. आणि जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या. इतक्या वरपर्यंत भरलेल्या, की रस्त्याकडेच्या बाभळींना घासत जायच्या आणि काट्यांवर पांढरे पुंजके लटकत राहायचे.

ते पुंजके आम्ही मुली गोळा करायचो. त्याची एक गोष्ट होती. आमच्या शाळेला लागून सिस्टरांचं मुलींचं बोर्डिंग होतं. आगमनकाळाच्या पहिल्या सोमवारी मोठ्या सिस्टर वर्गात लाकडी गव्हाण आणून ठेवायच्या, रिकामी. आपण कोणासाठी तरी काही चांगलं केलं, किंवा आवडती गोष्ट सोडली, की तिच्यात कापसाचा एक पुंजका ठेवायचा. नाताळापर्यंत बाळ येशूचं अंथरूण मऊ झालं पाहिजे. दुसऱ्या देशात म्हणे गवताच्या काड्या ठेवतात. आमच्याकडे कापूस. सरकी काढूनच ठेवायचा, नाहीतर बाळाला टोचेल. आणि एक कडक नियम – काय केलं ते कोणालाही सांगायचं नाही. सांगितलं की तो पुंजका वाया. मुली एकमेकींना चिडवायच्या, "आज किती गं सरक्या काढल्यास?" आणि उत्तर द्यायचं नसायचं. त्यातच गंमत होती.

नाताळाच्या मिस्सेला बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत ठेवायला एका मुलीची निवड व्हायची. कोणाची, ते मोठ्या सिस्टर ठरवायच्या. मी सातवीत होते. ते वर्ष माझं असावं, असं मला वाटायचं. फार वाटायचं.

आता अडचण बघा. माझी सगळी चांगली कामं दिसणारी होती. फळा मी पुसायचे, हजेरी मी घ्यायचे, रांगा मी लावायचे. सगळ्यांना माहीत. मग गुपचूप काय करायचं? मला खरंच सुचायचं नाही. मी इतर मुलींसारखी जाऊन पुंजका ठेवायचे आणि ठेवताना मनात काहीच नसायचं – फक्त कापूस.

जमनी माझ्या वर्गात होती. बोर्डिंगमधली. साक्रीच्या पलीकडे, पिंपळनेरच्या डोंगरातलं तिचं गाव. भिलाची मुलगी, घरातली शाळेत आलेली पहिली. अभ्यासात मधली, पण फार चिवट. तिला नर्स व्हायचं होतं. सिस्टरांच्या दवाखान्यातल्या पांढऱ्या टोपीकडे ती कशी बघायची, ते मला अजून दिसतं. आमची फार मैत्री नव्हती. मी तिला गणितं सांगायचे. ती मला बाभळीचा कापूस काढून द्यायची, तिच्या बोटांना काटे लागायचे नाहीत.

एका पहाटे मिस्सेला जाताना माझी शाल काट्याला अडकली आणि मी मागे राहिले. बोर्डिंगच्या मागच्या कुंपणातून कोणीतरी बाहेर आलं. जमनी. अनवाणी, हातात कळशी. घंटेआधी बाहेर पडायला मुलींना सक्त मनाई होती. ती मला बघून थबकली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "आक्काचं पाणी. सांगू नको हां लूसी. कापूस वाया जाईल."

आक्का म्हणजे चर्चच्या मागे एका खोलीत राहणारी म्हातारी. आमच्यातली नव्हती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस म्हणून कोणी नाही. विहिरीवर दोर ओढताना एकदा पडली होती. तिला जाग यायच्या आत जमनी दाराबाहेरचा माठ भरून ठेवायची.

मी नाही सांगणार म्हणाले. आणि खरंच, कोणाला सांगितलं नाही. वचन पाळलं मी. कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच वाक्य ऐकवत आले – वचन पाळलं.

तिसऱ्या आठवड्यात, गुलाबी मेणबत्ती लागली तेव्हा, आक्का काठी टेकत शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहून मोठ्या सिस्टरांना म्हणाली, "बाई, तुम्हनी कोनती तरी पोर मना माठ भरी जास. माले काही दिखत नही. पन देव तिनं भलं करो."

सिस्टरांनी तिला पाणी दिलं, पोचवायला शिपाईबाई दिली. मग आमच्याकडे वळल्या. त्यांना नियम मोडायचा नव्हता, त्यांनी विचारलं नाही. फक्त सगळ्यांवरून नजर फिरवली – आणि ती माझ्यावर येऊन थांबली. का थांबू नये? आमचं घर आक्काच्याच गल्लीत. रोज पहाटे त्या वाटेने येणारी मी. सगळी कामं करणारी मी.

मी मान खाली घातली.

एवढंच. एक शब्द बोलले नाही. पण तशा वेळी मान खाली घालणं म्हणजे काय, हे वर्गातल्या प्रत्येकीला कळलं. सिस्टर हसल्या आणि पुस्तक उघडलं. माझ्या मागच्या बाकावर जमनी बसली होती. मी वळून बघितलं नाही. मधल्या सुट्टीत मी तिला गाठून काही म्हणू शकले असते – काय म्हणणार होते? ती मात्र नेहमीसारखी आली, गणित विचारलं. मला वाटलं, हिला चालतंय. हिला कुठे नाव हवंय? गुपित गुपितच राहिलं, उलट बरंच झालं. किती पटकन मी ते सगळं नीट लावून ठेवलं.

इथे थांबलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते.

नाताळ आठवड्यावर आला असताना बोर्डिंगमधली एक मुलगी पहाटे उठली आणि तिला जमनीची गादी रिकामी दिसली. मागच्या कुंपणाची तार वाकवलेली सापडली. चौकशी झाली, तेव्हा कळलं की हे बरेच दिवस चाललं होतं. मोठ्या सिस्टर दुष्ट नव्हत्या, हे आधीच सांगते. लोकांच्या वयात आलेल्या मुली त्यांच्या भरवशावर होत्या. एक मुलगी अंधारात एकटी बाहेर जाते, कुठे जाते, कोणाला भेटते? गावात तेवढं बोललं गेलं असतं तर पुढच्या वर्षी डोंगरातून एकाही बापाने पोरगी पाठवली नसती.

त्यांनी तिला वर्गात उभं केलं. कुठे जात होतीस, विचारलं. ती गप्प. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या की नाही सांगितलंस तर तुझ्या वडिलांना बोलवावं लागेल. तेव्हा जमनीने तोंड उघडलं. तिच्यासाठी ते किती कठीण होतं, हे त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं – सांगितलं की सगळा कापूस वाया जाणार होता.

"आक्काचं पाणी भरायला," ती म्हणाली.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. "ते तर लूसीने भरलं! ही बघा."

सिस्टरांचा चेहरा उतरला. रागापेक्षा दुःखच जास्त होतं त्यात. म्हणाल्या, "जमनी, चूक झाली तर झाली. पण दुसरीचं चांगलं काम आपलं म्हणून सांगायचं?" आणि मग, खात्री करायची म्हणून नव्हे, नुसतं ओघात, माझ्याकडे बघून – "लूसी, पाणी तूच भरत होतीस ना?"

तुम्ही म्हणाल, बारा-तेरा वर्षांची पोर, घाबरली असेल. नाही. मला नीट आठवतं, मी घाबरले नव्हते. मी विचार करत होते. खरं सांगितलं तर काय काय होईल, ते मी एकाखाली एक मांडत होते – सिस्टरांची नजर, मुलींचं हसणं, वडिलांच्या कानावर जाणं, मूर्ती दुसरीच्या हातात. खोटं सांगितलं तर काय होईल, ते मांडलंच नाही. त्या बाजूला जमनी होती.

मी म्हणाले, "हो, सिस्टर."

जमनीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल, रडेल, माझं नाव घेईल. ती वाट बघत राहिली. मी काहीतरी अजून बोलेन, याची. मग तिने नजर काढून घेतली आणि त्यानंतर ती कोणाशी काही बोलली नाही.

आक्काला विचारायला कोणी गेलं नाही. कशाला जातील? मी शब्दाची पक्की मुलगी होते.

दोन दिवसांनी तिचा बाप आला. पायात वहाणा नाहीत, डोक्याला मळकं फडकं, आणि खांद्यावर गाठोडं. कशासाठी बोलावलं ते निरोप्याने त्याला सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं सणाला पोरीला न्यायला बोलावलं असेल. गाठोड्यात बोरं होती, सिस्टरांसाठी. ओट्यावर उभ्यानेच त्याने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पोरीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. "बरं, बाई," तो म्हणाला. बोरांचं गाठोडं त्याने तिथेच सोडून ठेवलं, फडकं झटकून पुन्हा डोक्याला बांधलं, आणि पत्र्याची पेटी उचलली. जमनी त्याच्या मागून गेली. फाटक लावायला ती मागे वळली, नीट लावलं.

बोरं आम्हा मुलींत वाटली. मी खाल्ली. गोड होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी आक्काचा माठ भरायला गेले. दया आली म्हणून? नाही. माठ रिकामा राहिला तर आक्का पुन्हा शाळेत येईल, म्हणून. दोराने हात सोलले. कळशी माठात ओतत होते तेव्हा आतून आवाज आला, "कोन शे?"

"मी, आक्का. पाणी."

ती दारात आली. मग म्हणाली, "तू ती नही शे, माय. तिना पायना आवाज येस नही. तुन्या चपला वाजतस. ती पोर कोठे गयी?"

बघा, अजून वेळ गेली नव्हती. बाप-लेक फार तर गावी पोचले असतील. मी आक्काचा हात धरून तिला मोठ्या सिस्टरांपर्यंत नेलं असतं तर तिच्या एका वाक्यात सगळं संपलं असतं. तिला दिसत नव्हतं, पण तिला माहीत होतं. मी तो हात धरला नाही.

"गावाला गेली," मी म्हणाले. "सणाला."

"सनले गयी? बरं झायं," आक्का म्हणाली आणि हात पुढे करून माझ्या डोक्यावरून फिरवला.

त्या शनिवारी नाताळाआधीचं पापनिवेदन होतं. मी रांगेत उभी राहिले आणि माझी पापं मनात क्रमाने लावली – आईला उलट बोलले, उपासाच्या दिवशी साखर खाल्ली, प्रार्थनेत लक्ष नव्हतं. फादरांनी तीन वेळा 'नमो मरिये' म्हणायला सांगितलं. मी म्हटलं. नाताळाच्या मिस्सेला पांढरा फ्रॉक घालून बाळ येशूची मूर्ती मी गव्हाणीत ठेवली. कापूस खूप जमला होता. मूर्ती त्यात बुडाली. आई रडली, आनंदाने. वडिलांनी त्या दिवशी पहिल्यांदा मला लोकांसमोर जवळ घेतलं.

जमनी बोर्डिंगला परत आली नाही. तिच्या जागी जूनमध्ये दुसरी मुलगी आली.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे चांगली गेली. मॅट्रिक, टायपिंग, नोकरी, लग्न होऊन जळगाव. दरवर्षी आगमनकाळ आला, दरवर्षी मी रांगेत उभी राहिले, दरवर्षी लहान पापं नीट सांगितली. लोक म्हणतात, लूसीबाईंसारखी तयारी कोणाची नसते. खरं आहे ते.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. माझी नणंद दोंडाईच्याला दिली होती. तिच्याकडून परत निघाले, भुसावळच्या गाडीला वेळ होता, म्हणून स्टेशनवर बाकावर बसले. शेजारी मिरचीच्या वखारीतल्या बाया बसल्या होत्या, दिवसभर देठं खुडून निघालेल्या. हात कोपरापर्यंत लाल, डोळे लाल, आणि हसणं-खिदळणं चाललेलं. त्यातली एक माझ्याकडे बघत होती. मग उठून समोर आली.

"वळखं का माले?"

मी ओळखलं. लगेच. तरी "कोण?" असं विचारलं – आणि तिने हसून नाव सांगितलं, जणू माझी अडचण सोडवत होती. तिच्या कडेवर पोर होतं, दुसरं पदराला धरून. नवरा दुष्काळात खडी फोडायला गेला तो खोकला घेऊन आला, आता घरीच असतो म्हणाली. मिरचीचा हंगाम आहे तोवर बरं चालतं. माझ्या मुलीला नुकतेच दात येत होते, तर कोणता पाला उगाळून लावायचा ते तिने सांगितलं. तिच्या पुढच्या प्रत्येक वाक्याला मी वाट बघत होते – आता ते काढेल. मला ते हवं होतं का? कोण जाणे. गाडीची घंटा झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र खरं.

मी पिशवी उचलली. तेव्हा तिने विचारलं.

"मी गयी, मंग आक्कानं पानी कोन भरे? तू भरे ना?"

त्या दिवशी वर्गात सिस्टरांनी विचारलं होतं, तेच. फक्त आता ती विचारत होती. आणि तिच्या आवाजात कुठे टोमणा नव्हता, मी शोधला. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढी वर्षं तिच्या मनात त्या वर्गाचं काय राहिलं होतं, मला माहीत नाही. माठ राहिला होता.

"हो," मी म्हणाले. "मीच भरायचे. शेवटपर्यंत."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला. पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. "बरं झायं," म्हणाली. "माले लई घोर व्हता." मग माझी पिशवी तिनेच डब्यात चढवून दिली, तिखट हात लागू नयेत म्हणून पदरात धरून.

मी नाताळाच्या दिवसापर्यंत पाणी भरलं होतं. मूर्ती ठेवून झाली, त्यानंतर एकदाही गेले नाही. पावसाळ्याआधी आक्काला कोणी लांबचा पुतण्या येऊन घेऊन गेला, तेव्हा तिच्या दारातला माठ तळापासून कोरडा होता. मी तो येता-जाता रोज बघत होते.